डिसेबिलिटी पेन्शन नाकारली गेली असेल तर: अपील, एएफटी आणि वकील कसा नेमावा

हा लेख फौजेतून निवृत्त झालेल्या किंवा बोर्ड आऊट होऊन (आजार किंवा दुखापतीमुळे मुदतीआधी सेवेतून बाहेर पडून) घरी आलेल्या मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यातल्या कितीतरी जणांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर वीस, तीस, चाळीस टक्के अपंगत्व लिहिलेलं असतं आणि बँकेत मात्र साधी सर्व्हिस पेन्शनच जमा होते. विचारलं की उत्तर येतं, "आमचं रिजेक्ट झालंय." कोणत्या पत्राने, कोणत्या कारणाने आणि पुढे काय करता येतं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी पायदळातून हवालदार म्हणून घरी आलो. ब्लड प्रेशरसाठी बोर्डाने ३० टक्के दिले, पण पेन्शन नाकारली. दोन्ही अपिलं करून मी सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीत गेलो आणि तिथे पेन्शन मंजूर झाली. त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांच्या फायली घेऊन वकिलांकडे बसलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती सुरुवातीलाच सांगतो. वकील शोधायला निघण्याआधी आपले कागद आपल्या हातात हवेत. फाइल पूर्ण असली की वकील कामाचा आहे की नाही हे अर्ध्या तासात कळतं. फाइल नसली की समोरचा जे सांगेल ते ऐकावं लागतं.

एक खुलासा. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. त्यातल्या अटी आणि काही रकमांची नावंही वेगळी आहेत. खाली मी जे हिशोब दिलेत ते त्याआधी निवृत्त झालेल्यांचे आहेत. तुम्ही त्यानंतरचे असाल तर पायऱ्या याच राहतील, पण कायद्याचे मुद्दे वकिलांकडून वेगळे समजून घ्या.

१. बोर्डाने नेमकं काय लिहिलंय ते वाचा

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड होतं. त्याचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलं असेल तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. या कागदपत्रांत तीन गोष्टी शोधा.

पहिली, आजाराचं नाव आणि तो कधी, कुठे सुरू झाला. दुसरी, टक्केवारी. निवृत्त होऊन आलेल्यांना साधारणपणे २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच पेन्शनचा प्रश्न येतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे आजार सेवेमुळे झाला का किंवा सेवेमुळे वाढला का, या प्रश्नाचं उत्तर. फौजेत याला 'अॅट्रिब्युटेबल' आणि 'अॅग्रॅव्हेटेड' म्हणतात. दोन्ही रकान्यांत 'नो' असेल तर पेन्शन नाकारली जाते. दोन्हीपैकी एक जरी 'यस' असलं तरी ती मिळायला हवी.

'नो'च्या शेजारी कारणाचा रकाना असतो. तो नीट वाचा, कारण केस तिथेच उभी राहते. माझ्या कागदावर तिथे एकच ओळ होती. आजार पीस स्टेशनमध्ये, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणी, सुरू झाला, सबब सेवेशी संबंध नाही, एवढंच. त्याआधी मी किती वर्षं फील्डमध्ये (सीमेवर किंवा कारवाईच्या भागात) आणि उंचावर काढली, याचा उल्लेख कुठेच नव्हता. कुणाच्या कागदावर 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर', म्हणजे मूळ प्रकृतीचाच दोष, एवढंच लिहिलेलं असतं.

अशा एका ओळीच्या कारणांवर सुप्रीम कोर्टाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. भरतीच्या वेळी तपासणीत त्या आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. नंतर झालेला आजार सेवेमुळे नाही असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने त्याची कारणं लिहायला हवीत. संशयाचा फायदा सैनिकाला. तुमची फाइल वाचताना हे डोक्यात असू द्या.

२. मिळणार किती, हे आधी मांडून बघा

हा हिशोब आधी केला की फी किती परवडेल आणि किती धावपळ करायची याचा अंदाज येतो.

१०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) हे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं. पगार म्हणजे मूळ वेतन, एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) आणि लागू असेल तो ग्रुप किंवा क्लास पे. समजा हे सगळं मिळून ४०,००० रुपये होते. तर १०० टक्क्यांना १२,००० रुपये महिना. ३० टक्के अपंगत्व असेल तर सरळ हिशोबाने ३,६०० रुपये.

पण इथे राउंडिंग ऑफचा नियम येतो. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ ते १०० असेल तर १००. म्हणजे ३० टक्केवाल्याला ५० टक्क्यांनी ६,००० रुपये. वर महागाई भत्ता. ही सवलत १ जानेवारी १९९६ पासूनची आहे, पण बरीच वर्षं ती फक्त बोर्ड आऊट झालेल्यांनाच दिली जायची. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांचाही हक्क मान्य केला. तुमची डिसेबिलिटी मंजूर आहे पण २० किंवा ३० टक्क्यांनीच मिळतेय, असं असेल तर तुमचं प्रकरण फक्त राउंडिंगचं आहे. ते तुलनेने सोपं असतं आणि त्याला फीही कमी लागायला हवी.

३. कागद गोळा करा

हे काम तुमचं आहे, वकिलाचं नव्हे. यादी अशी:

- डिस्चार्ज बुक
- पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि स्पर्श या पेन्शन पोर्टलवर दिसणारा ई-पीपीओ
- मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग्ज, सगळी पानं
- आधीच्या सगळ्या कॅटेगरायझेशन आणि री-कॅट बोर्डांचे (मेडिकल कॅटेगरी ठरवणाऱ्या आणि पुन्हा तपासणाऱ्या बोर्डांचे) कागद
- भरतीच्या वेळच्या मेडिकलची नोंद
- मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याचे कागद
- पोस्टिंग प्रोफाइल: कोणत्या साली कुठे, फील्ड की पीस
- दुखापत असेल तर इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचे कागद
- नकाराचं पत्र, अपिलांच्या प्रती, त्यांची उत्तरं आणि पोस्टाच्या पावत्या
- आधार, पॅन, पेन्शनचं बँक पासबुक

घरी यातलं निम्मंही सापडत नाही. बाकीचं तुमच्या रेकॉर्ड ऑफिसमधून मिळतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येते. ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज होतो. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

अर्ज मोघम लिहू नका. "माझ्या मेडिकलची माहिती द्या" असं लिहिलं की दोन पानं येतात. "नंबर, रँक, नाव, अमुक तारखेला अमुक हॉस्पिटलमध्ये झालेल्या माझ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण प्रोसीडिंग्जची साक्षांकित प्रत, तसंच माझी संपूर्ण पोस्टिंग प्रोफाइल फील्ड आणि पीस अशा उल्लेखासह" असं लिहा. कधीकधी गोपनीयतेचं कारण देऊन नकार येतो. स्वतःचे मेडिकल कागद स्वतःलाच नाकारायला गोपनीयता हे कारण होत नाही, हे पहिल्या अपिलात ठामपणे मांडा.

पोस्टिंग प्रोफाइल आली की पेन घेऊन बसा. आजार पहिल्यांदा कधी निघाला त्या तारखेवर रेघ मारा आणि त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत कुठे होतात ते बाजूला लिहा. सियाचीन, लेह, कुपवाडा, ईशान्येकडचं काउंटर इन्सर्जन्सी (बंडखोरांविरुद्धची कारवाई), जे असेल ते. ब्लड प्रेशरच्या केसमध्ये हे एक पान दहा निवाड्यांएवढं कामाला येतं, कारण फौजेच्या डॉक्टरांसाठी असलेल्या मार्गदर्शक सूचनांतच फील्ड, उंचावरची आणि काउंटर इन्सर्जन्सीची सेवा हे ब्लड प्रेशर वाढण्याचं कारण म्हणून मानलं आहे.

४. पहिलं आणि दुसरं अपील

नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं. तेही फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातात. या टप्प्याला वकील सक्तीचा नाही आणि स्वतः केलेलं अपील त्यामुळे कमी दर्जाचं ठरत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही मदत मिळते.

पण वकील परवडत असेल तर एकदा मसुदा तपासून घ्यायला हरकत नाही. अपिलात जे मांडलं नाही ते पुढे एएफटीत मांडताना "आधी का नाही सांगितलं" असा प्रश्न येऊ शकतो. मसुदा तपासण्याची फी वेगळी आणि थोडी असते. संपूर्ण केसची फी या टप्प्यावर कुणी मागितली तर देऊ नका.

अपील भावनेच्या भरात लिहू नका. देशासाठी किती वर्षं दिली हे एका वाक्यात येऊ द्या. बाकी जागा तीन मुद्द्यांना द्या: भरतीच्या वेळी मी फिट होतो, आजार अमुक पोस्टिंगनंतर निघाला, आणि बोर्डाने कारण दिलेलं नाही. रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अपिलाच्या प्रतीलाच चिकटवून ठेवा.

५. मुदत चुकली असेल तर

एएफटीच्या कायद्यानुसार अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा असतो. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तरी एएफटीत जायचा मार्ग मोकळा होतो. उत्तराची वाट बघत वर्षानुवर्षं बसून राहणारे मी पाहिलेत, तसं बसू नका.

जुनं प्रकरण असेल तरी निराश होऊ नका. पेन्शन दर महिन्याला मिळायची गोष्ट आहे, त्यामुळे उशीर माफ करण्याची विनंती अर्जासोबत करता येते आणि ती बऱ्याचदा मान्य होते. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने उशिरा आलेल्याची थकबाकी केस दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती धरली, आणि त्यानंतर एएफटीत हा निकाल वारंवार लावला गेला. म्हणजे जुन्या पेन्शनरचा आणखी एक महिना घरी गेला तर बहुधा एका महिन्याचे पैसे गेले. तुमच्या प्रकरणात किती मागता येईल हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

फौजी वारले असतील तर त्यांच्या हयातीतल्या थकबाकीसाठी पत्नीला अर्ज करता येतो. वहिनी, ताई, तुम्ही हा लेख वाचत असाल तर कृपया फाइल टाकून देऊ नका.

६. वकील कुठे शोधायचा

तालुक्याच्या कोर्टातले वकील जमिनीच्या वाटणीत तरबेज असतील, पण एएफटीचं काम वेगळं आहे. त्यातले फॉर्म, बोर्डाचे कागद, पेन्शनची रेग्युलेशन्स यांची सवय लागते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या निवृत्तांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. निवृत्त माणूस अर्ज करताना जिथे राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो. नोकरी शेवटी पंजाबात होती म्हणून चंदीगडलाच जावं लागेल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. बेळगाव, निपाणीकडच्या किंवा मुलाकडे परराज्यात राहणाऱ्या मंडळींनी आपलं खंडपीठ कोणतं ते आधी विचारून घ्यावं.

वकिलांची नावं मिळवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग फुकट आहे. एएफटीचे निकाल वेबसाइटवर पाहायला मिळतात. मुंबई खंडपीठाचे डिसेबिलिटी पेन्शनचे निकाल उघडा. प्रत्येकावर अर्जदारातर्फे कोण वकील उभे होते ते लिहिलेलं असतं. वीस-पंचवीस निकाल चाळले की तीच तीच नावं पुन्हा दिसू लागतात. तुमच्यासारख्याच आजाराचे निकाल कुणी मिळवलेत तेही कळतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, एका संध्याकाळचं काम आहे.

दुसरा मार्ग म्हणजे तुमच्याच युनिटचे, ज्यांना प्रत्यक्ष पेन्शन सुरू झालीय असे लोक. "चांगले वकील आहेत" एवढ्यावर थांबू नका. निकालाची प्रत आणि दुरुस्त पीपीओ मागा.

कॅन्टीन आणि ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्याच्या आवारात फिरणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. "साहेब, शंभर टक्के काम होणार" असं म्हणणारा माणूस वकील नसतो. तो तुमची फाइल वकिलाला विकतो आणि मधले पैसे स्वतः ठेवतो. वकिलाने स्वतःची जाहिरात करणं किंवा दलालामार्फत कामं गोळा करणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. व्हॉट्सअॅपवर "सर्वांना ५० टक्के मिळणार, त्वरित फॉर्म भरा" असे मेसेज फिरतात, त्यांवर फाइल कधीही पाठवू नका.

७. पहिली भेट

पहिल्या भेटीला झेरॉक्सचा एक व्यवस्थित सेट न्या, तारखेच्या क्रमाने लावलेला. वर एका पानावर स्वतःची माहिती: भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, आजार, टक्के, नकाराचं पत्र, अपिलांच्या तारखा.

मग बघा वकील काय करतात. मी आमच्या एका नायकाला घेऊन दोन ठिकाणी गेलो होतो. पहिल्या ठिकाणी फाइल टेबलावर तशीच राहिली आणि पहिला प्रश्न आला, "एरिअर्स किती निघतील?" दुसऱ्या ठिकाणी वकीलबाईंनी फाइल उघडून थेट बोर्डाची प्रोसीडिंग्ज काढली, कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दुखणं निघायच्या आधी तुम्ही कुठे होतात? मला गावाचं नाव सांगा, पीस-फील्ड मी बघते." नायकाने काश्मीरमधलं तंगधार म्हटल्यावर त्यांनी पोस्टिंगचा कागद मागितला आणि त्यातली तारीख आजाराच्या तारखेशी जुळवून पाहिली. आम्ही केस त्यांनाच दिली.

विचारण्याचे प्रश्न:

- अशा प्रकारची प्रकरणं तुम्ही मुंबई खंडपीठात चालवली आहेत का? एखाद्या निकालाची प्रत दाखवाल का?
- माझ्या केसमधला कच्चा दुवा कोणता?
- उशीर माफीचा अर्ज लागेल का? किती वर्षांची थकबाकी मागाल?
- सुनावणीला स्वतः उभे राहणार की ज्युनियर?
- मला किती वेळा मुंबईला यावं लागेल? व्हिडिओवर सुनावणी असते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. प्रत्येक केसमध्ये काहीतरी कच्चं असतंच. रजेवर घरी असताना मोटारसायकलवरून पडलेल्याची केस आणि ड्यूटीवर जखमी झालेल्याची केस सारखी नसते. धूम्रपान किंवा वजनाची नोंद बोर्डात असेल तर सरकारी वकील ती वाचून दाखवणारच. "तुमच्यात काहीच अडचण नाही" असं सांगणाऱ्याने फाइल वाचलेली नाही.

आणि सनद बघा. वकिलांचा नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो.

८. फी: टक्केवारी कधीही मान्य करू नका

या भागासाठी थोडा वेळ द्या, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

"आत्ता काही देऊ नका, एरिअर्स आले की चाळीस टक्के द्या." ऐकायला बरं वाटतं. पण भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अमेरिकेत चालतं म्हणून इथे चालत नाही. शिवाय १८७१ च्या पेन्शन कायद्यानुसार पुढे मिळणाऱ्या पेन्शनवर दुसऱ्या कुणाला हक्क लिहून देता येत नाही. तरीही लोक कोरे चेक देतात, पेन्शन खात्याचं एटीएम कार्ड देतात, स्टॅम्प पेपरवर सह्या करतात. हे काहीही करू नका. कोरा चेक मागणारा वकील असेल तर उठून या.

योग्य पद्धत अशी की ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने. काही भाग अर्ज तयार करून दाखल करताना, काही सरकारचं उत्तर आल्यावर, काही अंतिम सुनावणीच्या वेळी. हे एका कागदावर लिहून घ्या आणि त्यात पुढच्या गोष्टी आल्याच पाहिजेत:

- टायपिंग, झेरॉक्सचे सेट, नोटरी, कोर्ट फी यात धरलंय की वेगळं
- सरकार हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात गेलं तर ती फी वेगळी का
- निकाल लागूनही पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज याच फीत करणार का

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि जिंकल्यावर पुन्हा पैसे भरतात. फी शक्यतो खात्यावर भरा, रोख दिली तर पावती घ्या.

९. वकीलपत्रावर सही करताना

वकीलपत्र पूर्ण भरलेलं असू द्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. तयार अर्जाची प्रत घरी नेऊन वाचा. इंग्रजी येत नसेल तर मुलाकडून किंवा शाळेतल्या गुरुजींकडून समजून घ्या. नंबर, रँक, तारखा, आजाराचं नाव आणि मागणी एवढं तरी स्वतः तपासा. राउंडिंगची मागणी आहे का, व्याजाची आहे का, हे बघा. जे मागितलंच नाही ते मिळण्याची आशा धरू नये.

मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका. डिस्चार्ज बुक दाखवायला न्या, परत आणा.

वकिलाशी पटलं नाही तर बदलता येतो. आधीच्या वकिलाकडून लेखी ना हरकत घ्यायची आणि नव्याचं वकीलपत्र दाखल करायचं. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. बाकी असलेली फी तो वेगळ्या मार्गाने मागू शकतो.

१०. वकील परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत कायदा मदत केंद्रं चालवायची आहेत. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची चौकशी करा.

इथे एक गोंधळ टाळा. फौजेच्या बोर्डाचे टक्के आणि सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्व प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लड प्रेशरचे ३० टक्के दाखवून यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तींचं सरकारी ओळखपत्र) मिळत नाही. आणि यूडीआयडी कार्ड आहे म्हणून फौजेची डिसेबिलिटी पेन्शन आपोआप मंजूर होत नाही.

एएफटीत स्वतः उभं राहून केस चालवण्याची मुभा आहे. राउंडिंगसारख्या सरळ प्रकरणात काही जण ते करतातही. आजार सेवेमुळे की नाही असा वाद असेल तर मात्र वकील घ्या, असं माझं मत आहे.

११. केस दाखल झाल्यावर

ओए नंबर, म्हणजे एएफटीतल्या आपल्या अर्जाचा क्रमांक, मिळाला की तो डायरीत लिहा. त्यानंतर सरकारला नोटीस जाते, त्यांचं प्रतिज्ञापत्र येतं, आपण त्याला उत्तर देतो आणि मग सुनावणी. खंडपीठात एक न्यायिक आणि एक फौजेतले निवृत्त अधिकारी असे सदस्य असतात. सरकारचं प्रतिज्ञापत्र आलं की त्याची प्रत वकिलाकडून मागून घ्या आणि वाचा. तुमच्या पोस्टिंगबद्दल त्यात काही चुकीचं असेल तर ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही.

तारीख वकिलाला रोज फोन करून विचारू नका. वेबसाइटवर ओए नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. महिना-दोन महिन्यांनी एक फोन पुरे. पण वकील सलग दोन-तीन तारखांना हजरच नाहीत असं ऑर्डरमध्ये दिसलं तर जाऊन भेटा.

१२. निकालानंतर

निकाल बाजूने लागला तर त्यात साधारणपणे अंमलबजावणीची मुदत दिलेली असते. साक्षांकित प्रत घ्या आणि अर्जासोबत रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टने पाठवा. सरकार पुढे गेलं नाही तर मंजुरीचं पत्र निघतं आणि प्रयागराजच्या पीसीडीएकडून (फौजेच्या पेन्शनचं काम बघणाऱ्या लेखा कार्यालयाकडून) दुरुस्त पीपीओ स्पर्शवर येतो. त्यातला टक्केवारीचा आकडा, सुरू झाल्याची तारीख आणि राउंडिंग तपासा. ३० चे ५० झालेत का ते बघाच.

सरकार सुप्रीम कोर्टात जाऊ शकतं. २०२३ च्या परशोत्तम दास निकालानंतर हायकोर्टात रिट करण्याचा मार्गही दोन्ही बाजूंना मोकळा आहे. म्हणून कॅव्हेट दाखल करायचं का हे निकाल लागताच वकिलाला विचारा. कॅव्हेट असेल तर तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळवणं सरकारला सोपं जात नाही.

मुदत उलटली, स्थगितीही नाही, आणि पैसेही नाहीत, असं झालं तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा. पैसे यायला उशीर होतोय म्हणून कुणा ओळखीच्या 'साहेबां'ना काही देऊ करू नका. तो अर्ज केला की बहुतेक फायली हलतात.

निकाल विरोधात गेला तर पूर्ण निकालपत्र वाचून घ्या. फक्त मुदतीवर फेटाळला असेल तर पुढचा रस्ता वेगळा, आजाराच्या मुद्द्यावर फेटाळला असेल तर वेगळा. फेरविचाराच्या अर्जाची मुदत फार कमी असते, त्यामुळे निकाल लागल्या आठवड्यातच वकिलाकडे बसा आणि शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या वकिलाचंही मत घ्या.